पिवळा बाण

मंगळवार, ७ जानेवारी

आजपासून मी समाजसेवा करायला लागले. कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे मोठी झाले आणि कुणी मुलाखत घ्यायला आलं तर गोंधळ नको. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात पुढच्या वर्षी नऊ खोल्या रिकाम्या होणार आहेत, आणि महिला सेवा मंडळात ज्यांचे साठ तास भरलेले असतील त्यांना त्या आधी मिळणार आहेत. बाकी समाजाबद्दल माझी काही तक्रार नाही.

मंडळाचं काम सरकारी दवाखान्यात. मंगळवार आणि शुक्रवार, नऊ ते बारा. चौदा मार्चला तास मोजणं बंद. मी कॅलेंडर समोर ठेवून बघितलं, बरोबर वीस दिवस निघतात. वीस त्रिक साठ. म्हणजे एकही दिवस बुडवून चालणार नाही. ताप आला तरी दवाखान्यातच जायचं आहे, ही एक सोय म्हणायची.

प्रत्येकीला छातीवर लावायला पिवळा बिल्ला मिळतो. त्यावर 'मला विचारा' असं छापलेलं आहे. एक वहीही मिळते. त्यात 'आज मी काय शिकले' या मथळ्याखाली रोज दहा ओळी लिहायच्या, महिनाअखेरीला अध्यक्षा तपासते. अध्यक्षा शेवटच्या वर्षाला आहे आणि चालताना कायम कुणीतरी फोटो काढत असल्यासारखी चालते. त्या वहीत मी आज लिहिलं, 'सेवेने मन विशाल होते.' खरं काय ते या वहीत लिहीन. ही कुणी तपासत नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

दवाखान्याचा मधला पॅसेज चांगला दीडशे पावलं लांब आहे. त्याच्या तोंडाशी आमचं टेबल. लोक केसपेपर हातात घेऊन येतात आणि विचारतात, "पाच नंबर कुठंय?" मी सांगते, "सरळ, मग डावीकडे, दुसरं दार." आज तीन तासांत मी एकशे बारा जणांना रस्ता दाखवला. मध्ये पाणीसुद्धा प्यायले नाही.

माझ्याबरोबर टेबलावर जी मुलगी दिलीय तिने नऊ जणांना. नऊ! ती वनस्पतिशास्त्राची आहे, बोलते हळू, चालते त्याहून हळू. मी मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलंय. कुणी काही विचारलं की ही खुर्ची मागे सारते, उठते, आणि म्हणते, "चला." मग त्या माणसाबरोबर पार खोलीच्या दारापर्यंत जाते. आजी असली तर आजीच्या चालीने.

"अगं, नुसतं सांगून भागतं की," मी म्हटलं.

"सांगितलेलं कळतं गं त्यांना. पण दार ढकलायचा धीर होत नाही."

दार ढकलायचा धीर! मग ही माणसं घरी कशी राहतात? मी पुढच्या माणसाला रस्ता सांगितला. प्रत्येकाची कुवत वेगळी असते.

मंगळवार, १४ जानेवारी

गोगलगाय एका म्हाताऱ्यांना घेऊन चौथ्या मजल्यावर गेली ती चाळीस मिनिटांनी उगवली. येताना त्यांच्या दोन्ही सुनांची नावं, कोण कशी वागते आणि त्यांना गोड का वर्ज्य आहे हे सगळं घेऊन आली. मला सांगायला लागली. मी ऐकलं, कारण टेबलावर तेव्हा कुणी नव्हतं. धाकटी सून चांगली आहे.

संध्याकाळी मामीने चौकशी सुरू केली. मामीबद्दल लिहायचं तर वही पुरायची नाही, थोडक्यात लिहिते. कॉलेजसाठी आईने मला मामाकडे ठेवलंय. मामा लांब पल्ल्याची बस चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणजे घरात मी आणि मामी. मी बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपते, जी दिवसा बैठक असते. त्यामुळे पाहुणे उठेपर्यंत मला आडवं होता येत नाही. खोलीतल्या दिव्याचं बटण मामीच्या दाराशी आहे. दहा वाजले की ती पुस्तक अर्ध्या ओळीत असलं तरी दिवा घालवते. वसतिगृहातली खोली मी पाहून आलेय. एक खिडकी, एक टेबल, आणि दिव्याचं बटण उशाशी. मामीला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर आईला फोन, आईचं रडणं, मामाचं गप्प बसणं, सगळं रामायण.

तर मामी म्हणाली, "काय गं, तुमच्या त्या दवाखान्यात गाठी-बिठी बघणाऱ्या डॉक्टरीणबाई कधी बसतात?"

"फक्त मंगळवारी. चौदा नंबरला. का?"

"शेजारच्या वहिनींना हवं होतं."

"मग त्यांना पाठवा. टेबलावर मीच असते."

"हो ना," मामी म्हणाली, "तू असतेस." आणि भाजी चिरायला लागली.

मी खरंच दवाखान्यात जाते की मैत्रिणींबरोबर भटकते, हे तिला बघायचंय. मैत्रिणी! माझ्या मैत्रिणी आहेत असं तिला वाटतं, हेच एक समाधान.

रविवार, १९ जानेवारी

मामीने मला कामाला जुंपलंय. आजवर बाथरूममधली भरलेली बादली ती स्वतः उचलायची आणि वर ऐकवायची. आठवडाभर आता मला हाक मारते. वरच्या फळीवरचे डबेही मीच काढायचे. "माझा हात पोचत नाही," म्हणे. गेली दहा वर्षं पोचत होता. फुकट राहणाऱ्याने एवढं करावं, असा त्यातला अर्थ. मी न बोलता उचलते. साठातले बारा तास झाले.

मंगळवार, २८ जानेवारी

मला एक कल्पना सुचलीय. लोक तेच तेच प्रश्न विचारतात. मग प्रश्नच उरणार नाहीत अशी व्यवस्था का करू नये? डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीवर रंगीत बाण चिकटवायचे. निळे बाण डोळ्यांकडे, लाल बाण रक्तलघवीकडे, हिरवे हाडांकडे आणि पिवळे चौदा नंबरकडे. केसपेपरवर त्याच रंगाचा ठिपका द्यायचा. ज्याचा जो रंग, त्याने त्या बाणांमागे जायचं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही जमेल. अध्यक्षा ऐकून इतकी खूश झाली की तिने लगेच "आपली कल्पना" असं म्हणायला सुरुवात केली.

गोगलगायीला मात्र पटलं नाही. "इथे खोल्या बदलतात गं," म्हणाली.

"बदलल्या तर बाण बदलू. त्यात काय?"

"बरं," ती म्हणाली आणि उठली, कारण पॅसेजमध्ये थोडं पुढे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी होती. ही बाई गेल्या मंगळवारीही आली होती, असं ती म्हणते. मी पाठमोरी पाहिली. गोगलगायीचं आणि तिचं बरंच गूळपीठ जमलेलं दिसतं, पॅसेजभर खालच्या आवाजात बोलत गेल्या. एकीकडे काम पडलंय, आणि यांच्या गप्पा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाण लागले. दोनशे चाळीस! शनिवार-रविवार बसून मी ते कापले. मामीने चिकटवायची खळ करून दिली आणि कुठे लावणार, कोणता रंग कुणाचा, हे दोनदा विचारलं. जाताना म्हणाली, "हुशार आहेस हो." ती असं कधी बोलत नाही. काहीतरी काम सांगायचं असेल.

पॅसेज आज एकदम शांत होता. लोक भिंतीकडे बघत, बाणामागून बाण चालत गेले. टेबलावर अकरा जण आले, त्यातल्या चौघांनी वेळ विचारली. इन्चार्ज सिस्टर येऊन म्हणाल्या, "वा, डोकं शांत झालं बाई." मला थोडं बसून बसून कंटाळल्यासारखं झालं, पण यशस्वी माणसांचं असंच होत असावं. लोक गोगलगायीकडे तरीही गेले. हिरवा ठिपका हातात, हिरवा बाण डोळ्यांसमोर, आणि विचारतात हिला. काही जणांना सुधारायचंच नसतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फारसं काही नाही. निघता निघता सिस्टर चौदा नंबरच्या गळतीबद्दल काहीतरी सांगत होत्या. छत ठिबकतंय, म्हणून मंगळवारपासून डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर एकतीस नंबरला बसणार, चौदात तोवर चादरी-अभ्रे ठेवणार. लक्षात राहावं म्हणून मी ते लगेच मंडळाच्या वहीत लिहून घेतलं. 'आज मी काय शिकले' चं पान रिकामंच होतं. त्यावरून पुढे चांगल्या नऊ ओळी सुचल्या. 'काहीही कायम नसते, छतसुद्धा नाही, म्हणून सेवाभावी माणसाने सतत जागरूक राहावे.' अध्यक्षा यावर शेरा देणार, नक्की.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कीर्तीचा दिवस. अध्यक्षा वार्षिक अहवालासाठी फोटो काढायला आली होती. पॅसेजच्या पार टोकाला पिवळ्या बाणाखाली सतरा बायका एका बाकड्यावर आणि खाली जमिनीवर, एका ओळीत, तोंडातून शब्द न काढता बसल्या होत्या. "काय शिस्त गं!" अध्यक्षा म्हणाली. मी टेबल सोडून गेले नाही. टेबल सोडायचं नाही हा माझा नियम आहे. पण एवढ्या लांबूनही ओळ सुरेख दिसत होती. साडेबारापर्यंत बसल्या असतील, मी निघाले तेव्हाही होत्या. गोगलगायीची प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून ती आली नाही. तिने हे बघायला हवं होतं.

मामी आज दुपारी उशिरा घरी आली आणि न जेवता पडून राहिली. "बँकेत गेले होते. बाकड्यावर बसून बसून पाठ धरली." बँकेत गेलं की पाठ धरते आणि स्वयंपाक माझ्यावर पडतो. कांदा चिरताना मला फार राग आला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गोगलगायीने आल्या आल्या विचारलं, "मंगळवारी चौदाच्या पेशंट कुठे बसल्या?"

"कुठे म्हणजे? चौदाला."

तिने हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "अगं, डॉक्टरीणबाई वर होत्या. एकतीसला. वर एकही पेशंट आली नाही म्हणून त्या अकराला निघून गेल्या."

मला आधी काही कळेचना, मग मंडळाच्या वहीतलं ते पान आठवलं. सतरा बायका तीन तास चादरी-अभ्र्यांच्या खोलीबाहेर बसल्या होत्या. माझ्या बाणाखाली. एकीनेही विचारलं नाही.

"पण मी इथेच होते की! बिल्ला लावून! विचारायला काय झालं होतं त्यांना?"

"बाण होता ना," ती म्हणाली. "बाण असला की कोण विचारतं? बाण दाखवतोय म्हटल्यावर दार कधीतरी उघडणारच, असंच वाटणार."

मग तिने नखांनी पिवळे बाण खरवडायला सुरुवात केली. मामीची खळ पक्की आहे, सुटता सुटेनात. बराच वेळ मी उभी राहिले, मग दुसऱ्या टोकाकडून खरवडायला लागले. बाराला दोघींची नखं पिवळी.

ती सिस्टरांना काही बोलली नाही. मीही नाही. इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. माझ्या मनात पहिल्यांदा त्या बायका आल्या नाहीत. पहिल्यांदा आलं, हे बाहेर फुटलं तर माझे तास कापतील. अजून छत्तीसच झालेत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

तो फोटो कॉलेजच्या फलकावर लागलाय. खाली अध्यक्षेच्या अक्षरात, 'आपल्या बाणांनी आणलेली शिस्त!' मुली थांबून बघत होत्या. मीही थांबले. बायकांच्या डोक्यावर माझा पिवळा बाण आणि दारावर मोठ्या अक्षरांत 'चादरी-अभ्रे'. एवढं मोठं लिहिलेलं आणि कुणालाच दिसत नाही! अध्यक्षेला नाही, फोटो लावणाऱ्या शिपायाला नाही.

उजवीकडून दुसरी बाई पदर कपाळापर्यंत ओढून, मान भिंतीकडे वळवून बसलीय. चेहरा दिसत नाही. पण तिच्या मांडीवर हिरवी पिशवी आहे, आणि त्या पिशवीचा एक बंद तुटून तिथे जांभळ्या फुलांच्या ओढणीची पट्टी शिवलेली आहे. ती ओढणी माझी होती. गेल्या वर्षी फाटली तेव्हा मी फेकली, आणि मामीने कचऱ्यातून काढून त्यावर मला अर्धा तास ऐकवलं होतं.

मामी डोक्यावर पदर घेत नाही. सासरे होते तेव्हाही घ्यायची नाही म्हणे.

घरी आले. मामी गहू निवडत होती, उजव्या हाताने. डावा हात अंगाशी धरलेला. हे ती महिनाभर करतेय, आणि मी रोज समोर बसून चहा पितेय. मी सांगितल्याशिवाय बादली भरून ठेवली. ती म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?" मी म्हटलं, "पूर्वेकडूनच." पुढे काही विचारता आलं नाही. तोंड उघडलं की रडू येईल असं वाटलं, आणि मामीसमोर रडायची मला सवय नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मामी आज दवाखान्यात आली नाही. मी नऊपासून प्रत्येक हिरव्या पिशवीकडे बघत होते. शेवटी गोगलगायीला विचारलं, "ती तुझी मंगळवारची बाई आज दिसली नाही."

ती ठिपक्यांच्या कागदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुझी मामी ना?"

तिला मामीच्या पहिल्या खेपेपासून माहीत होतं! मामीच्या काखेत गाठ आहे. दोनदा दाखवून झालं, त्या मंगळवारी सोनोग्राफीचा कागद दाखवायचा होता, पुढे सुईची तपासणी करायची की नाही ते ठरणार होतं. मामीने तिला शपथ घातली होती.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, टेबलावर बसलेली ती माझी भाची आहे, तिला कळू देऊ नकोस. वसतिगृहाच्या खोलीसाठी तास भरतेय. कळलं तर माझ्यामागे धावत बसेल आणि खोली हातची जाईल. एकदा ती तिथे गेली की मी सगळं निवांत करून घेईन."

"तिला खोलीचं माहीत आहे?"

"तुझा अर्ज उशीखाली असतो म्हणे. कॉट त्याच आवरतात ना?"

म्हणजे त्या मंगळवारी मामीला बाण दिसत होता, बंद दार दिसत होतं, आणि दीडशे पावलांवर 'मला विचारा' लिहिलेली मी दिसत होते. गोगलगाय असती तर मामीने तिला विचारलं असतं. मी होते म्हणून ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करून तीन तास बसली. सगळ्या दवाखान्यात जिला विचारायची सोय नव्हती अशी एकच मुलगी होती, आणि ती मी.

मंडळाच्या वहीत आज काही लिहिलं नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दुपारी मंडळाची बैठक. अध्यक्षेने बाणांबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. सिस्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ते वहीत नऊ ओळींसकट लिहिलं आणि बाण बदलायचा विसरले, सतरा बायकांचा आठवडा गेला, एकीचे तर दोन.  तास कापले तर कापले, असं ठरवून गेले होते.

त्यावर अध्यक्षा म्हणाली, "तुझा प्रामाणिकपणा फार प्रेरणादायी आहे. पण फोटो अहवालात गेलाय गं. खूप छान आलाय तो. दारावरचं हवं तर कापू." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तासांना धक्का नाही. इतकी फजिती माझी उभ्या जन्मात झाली नव्हती.

बाहेर आल्यावर गोगलगाय हसत सुटली. हसतेही हळूच, पण थांबत नाही. मग मीही. जिन्यावर बसून आम्ही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो, आणि त्यातलं माझं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. तिला ते कळलं असावं, कारण तिने तिचा डबा पुढे केला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मामी आली. गोगलगाय रविवारी 'वही द्यायला' म्हणून आमच्या घरी येऊन गेली होती, मी मुद्दाम दुकानात गेले होते, तेव्हा काय ते बोलणं झालं असावं. आज मी ठिपके मोजायच्या निमित्ताने खाली मान घालून बसले. हिरवी पिशवी समोरून गेली. पिशवी थांबली, मला वाटतं माझ्याकडे बघितलं, मग पुढे गेली. मामीला वाटतं मला माहीत नाही. मला माहीत आहे हे गोगलगायीला माहीत आहे. एवढं नाटक करायला मामीकडून शिकावं, आणि मला वाटत होतं तिला फक्त दिवा घालवता येतो.

गोगलगाय मामीबरोबर वर गेली, तिच्या जागी कुणी नव्हतं म्हणून आज लोकांबरोबर मी चालत गेले. आधी सांगून बघत होते, पण ते ऐकून घेतात आणि तिथेच उभे राहतात. आज फक्त चौदा झाले. गोगलगायीच्या त्या दोन सुनांच्या आजोबांना चौथ्या मजल्यावर सोडलं. त्यांच्या सुनांचं विचारलं. धाकटी माहेरी गेलीय.

शुक्रवार, ७ मार्च

मामीची सुईची तपासणी मंगळवारी झाली, गोगलगायीने सांगितलं. कागद येत्या मंगळवारी मिळणार. घरात मामी काहीच बोलत नाही. ओट्यापाशी उभी राहून एकच भांडं दोनदा घासते. मी दुरून बघते आणि पुस्तकाचं पान उलटते.

गोगलगायीला आज कबूल केलं की मी तिला गोगलगाय म्हणते. ती म्हणाली, "माहितीये, मागच्या महिन्यात तू मला तशी हाकच मारलीस." मग कळलं की मंडळात माझंही नाव आहे, 'रहदारी पोलीस'. कुणी ठेवलं विचारलं तर म्हणाली, "मीच." फार वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

चोपन्न तास झाले. दोन दिवस राहिले. दोन्ही भरले की खोली माझी.

सोमवार, १० मार्च

जेवताना मामी म्हणाली, "उद्या मी जरा बँकेत जाऊन येईन."

"मीही येते बँकेत."

"तू कशाला? तुझी सेवा आहे ना उद्या?"

"उद्या सेवा बँकेतच आहे."

मामीचा घास हातात राहिला. मी ताटाकडे बघत म्हटलं, "एकतीस नंबरला जिना चढावा लागतो. पिशवी मी धरीन."

मामीने घास ताटात परत ठेवला. मग मामी भडकली. "त्या मुलीने सांगितलं ना? एवढी शपथ घातली होती! आणि तुझे तीन तास? सात आठवडे मी पदर ओढून फिरले ते कशासाठी? एवढी हुशार म्हणवतेस, एक दिवस राहिली असतीस ना गप्प!"

"तुम्ही मला का नाही विचारलंत त्या दिवशी? मी तिथेच होते."

"विचारणार होते," मामी म्हणाली. "दोनदा उठले. पण तू ऐटीत बसली होतीस, तो बिल्ला लावून. म्हटलं, बसू दे पोरीला."

मग मी रडले. मामीनेही डोळे पुसले, उजव्या हाताने, आणि भात संपवायला लावला.

मंगळवार, ११ मार्च

बिल्ला घरी ठेवून गेले. बिल्ला नाही म्हणजे टेबलावर बसता येत नाही. टेबलावर गोगलगाय एकटी होती. आम्हाला बघून ती सवयीने खुर्ची मागे सारून उठली, मग माझ्या हातातली पिशवी बघितली आणि परत बसली.

पॅसेज एवढा लांब आहे हे मला आज कळलं. एकतीसच्या दारावर पाटी आहे, दार बंद, आत आवाज येत होते. मी कितीदा लोकांना सांगितलं असेल, दार ढकला आणि आत जा. माझा हात दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत कागद होता. शेवटी मामीनेच दार ढकललं. "चल गं," म्हणाली.

गाठ साधी आहे. साधी आहे, साधी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. पण काढावी लागेल, आणि मग दीड-दोन महिने डाव्या हाताने काही उचलायचं नाही. "घरी कुणी आहे का करायला?" त्यांनी विचारलं.

मामी म्हणाली, "आहे हो, पण ती आता वसतिगृहात..."

"आहे," मी म्हटलं.

खाली आलो तेव्हा बारा वाजले होते. गोगलगाय माझं तासांचं कार्ड घेऊन उभी. "नऊ ते बारा तू याच इमारतीत होतीस. एक बाई पेशंट खोलीपर्यंत नेलीस, परत आणलीस. तीन तास लिहिते. सिस्टर सही करतील."

मामीने लगेच पेन पुढे केलं.

"नको," मी म्हटलं. "आज मी नातेवाईक आहे."

शुक्रवार, १४ मार्च

सत्तावन्न. यादी दुपारी लागली, नऊ नावं, त्यात मी नाही. अध्यक्षा फार हळहळली आणि अहवालाची एक प्रत मला भेट दिली. फोटो मुखपृष्ठावर आहे. दारावरचं कापायला विसरलेत.

मामी घरी आल्यापासून मला मूर्ख, गाढव आणि आईच्या वळणावर गेलेली म्हणतेय. मी तिला सांगितलं की ती खोली पश्चिमेला आहे, दुपारी भट्टी होते, मला नकोच होती. ते खरंही आहे थोडंफार. आत्ता सव्वादहा वाजलेत आणि दिवा अजून चालू आहे. मामी दाराशी येऊन गेली, बटणाकडे बघितलं, आणि "लिही, लिही," असं पुटपुटत आत गेली. विसरली असेल.

तास संपले, म्हणजे सेवा संपली. आता मंगळवार-शुक्रवारची सकाळ मोकळी, अभ्यासाला केवढा वेळ मिळेल. फक्त माझं निळं पेन टेबलाच्या खणात राहिलंय, तेवढं आणायला मंगळवारी नऊच्या आत जावं लागणार. बिल्लाही बरोबर नेते. परत करायचा आहे, आणि वाटेत कुणी काही विचारलं तर तोंडाने सांगत बसण्यापेक्षा सरळ घेऊन गेलेलं बरं.